दोन्ही कान दिसले पाहिजेत

परवाना कार्यालयासमोरचा रस्ता ओलांडला की डाव्या हाताचं तिसरं दुकान. आत एक स्टूल, स्टुलामागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन दिवे, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट. कोट सगळ्यांचा. बाह्या आखूड असोत की लांब, फोटो छातीपर्यंतच येतो. त्यामुळे शिपायापासून सर्जनपर्यंत निम्मं शहर या एकाच कोटात सरकारदरबारी जमा झालं होतं.

फोटोवाला छप्पन्न वर्षांचा. त्यातली एकतीस वर्षं या स्टुलासमोर गेली. "सरळ बघा. हनुवटी थोडी खाली. केस मागे घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत. हसू नका. हलू नका." एवढं बोलून तो बटण दाबायचा. कार्यालयाचे नियम भिंतीवर चिकटवलेले होते, पण त्याला ते बघावे लागत नसत. सावली नको, दात नको, चमक नको. चेहऱ्यावरचा तीळ, पुटकुळी, डोळ्याखालचा काळेपणा तो न विचारता पुसून टाकायचा. याला तो 'साफ करणं' म्हणायचा. त्याचा एकही फोटो खिडकीवरून परत आलेला नव्हता आणि हे तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दोन मिनिटांत सांगायचा.

मग कार्यालयाने खिडकीवरच कॅमेरे बसवले. अर्जदाराने खुर्चीत बसायचं, कारकुनाने बटण दाबायचं, काम संपलं. दोन महिन्यांत दुकानात माश्या मारायची वेळ आली.

ही वेळ नेमकी हेरली ती मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने. दुकानाची जागा सासऱ्यांची. ते गेल्यावर ती या दोघा भावंडांच्या नावावर निम्मी निम्मी झाली होती. मेहुण्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं आणि त्याला दुसरं उघडायचं होतं. बहिणीचा हिस्सा देऊन जागा घ्यायची, असा कागद त्याने तयारही केला. फक्त तिची सही बाकी होती.

"भावोजी, आता फोटो कोण काढून घेतं हो?" तो सगळ्यांसमोर म्हणायचा. "माझ्या कव्हरांत जो फोन जातो ना, त्यात तुमचं अख्खं दुकान मावतं."

बायको शाळांचे गणवेश शिवायची. बोलणंही कात्रीसारखं, एकदा चाललं की कापड दोन तुकडे. तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"अहो, लग्न झाल्यापासून ऐकतेय. मी खरा पोर्ट्रेटवाला, पोटासाठी पासपोर्ट काढतो. मग काढा की एकदा खरा फोटो. कोणी हात धरलेत?"

"गिऱ्हाईक नको का तसं?"

"गिऱ्हाईक नको, कागद नको. छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन असतं वर्षाच्या शेवटी. तिथे तुमचा एक फोटो भिंतीवर लागला, तर दादाला सही नाही. नाही लागला, तर मी सही करणार. आणि मग माझ्यापुढे रडगाणं गायचं नाही."

"मंडळातल्या लोकांना काय कळतं?"

"तुम्हाला कळतं ना? मग झालं."

दादाला तिने यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, वर्षअखेरीला काय ते बोलू.

मंडळ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचं. सभासद वीसेक. एक दंतवैद्य, एक औषधवाला, काही शिक्षक. हौशी, महागडे कॅमेरे असलेले. त्या वर्षीचा विषय होता कृष्णधवल व्यक्तिचित्र. प्रत्येकाला तीन संधी. फोटो मोठ्या कागदावर छापून आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि बाईंसमोर उभं राहायचं.

बाई एका वर्तमानपत्रात छायाचित्र संपादक होत्या. कोणता फोटो छापायचा आणि कोणता टोपलीत टाकायचा, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर टोपली तेवढी उरली होती. बोलून झालं की त्या फोटो उलटा करून मऊ पेन्सिलने मागे 'हो' किंवा 'नाही' लिहीत. 'हो' वर्षाला सात-आठ जणांच्या वाट्याला येई.

फोटोवाल्याने पहिल्यांदा नेला तो रुग्णालयाच्या पहारेकऱ्याचा फोटो. दोन दिवे, पांढरा पडदा, कॉलर ताठ. बाईंनी चष्मा चढवला.

"याचं वय?"

"एकसष्ट."

"सुरकुत्या कुठे गेल्या?"

"थोडं साफ केलंय."

"भांडं आहे का घासायला?"

खोलीत खसखस पिकली. फोटोवाला म्हणाला, "स्वच्छ दिसतो ना माणूस."

"माणूस दिसतच नाही. सावली एवढीशीही नाही. सावलीचं आणि तुमचं काय वाकडं आहे?"

"सावली असली की फोटो परत येतो."

"कुठून?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. "खिडकीवरून."

आता सगळे मोकळेपणी हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. "दोन्ही कान दिसतायत. मोजून घेतलेत. याला मागून गोंद लावा आणि अर्जावर चिकटवा." त्यांनी 'नाही' लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. जिना उतरताना दंतवैद्य मागून म्हणाला, "काय दोन-कान, येणार ना पुढच्या महिन्यात?" नाव चिकटलं.

घरी बायकोने चेहरा बघूनच ओळखलं. "कानउघाडणी झाली म्हणा की."

"म्हातारी खवट आहे."

"खवट असू दे. खोटं काय बोलली ते सांगा."

त्याने त्या खोलीतल्या उजेडाला नावं ठेवली. पण रात्रीचं जेवण झाल्यावर जुनी वही काढून बाईंचं एकेक वाक्य शब्द न बदलता उतरवून घेतलं. उतरवताना त्याचा हात रागाने इतका दाबला जात होता की अक्षरं मागच्या पानावर उमटली.

त्यानंतर चार महिने त्याने अभ्यास केला, असं तो म्हणत असे. खरं म्हणजे त्याने मंडळातल्या 'हो' मिळालेल्या फोटोंची नक्कल केली. दर वेळी जाऊन ते टेबलावर बघायचे, घरी येऊन तसंच करायचं. त्याच्या लक्षात आलं की त्या फोटोंत माणसं तिरकी बसतात, उजेड एका बाजूने येतो आणि एक कान हमखास झाकलेला असतो. त्याने बायकोला खिडकीशी बसवलं, मान वळवली, एका बाजूचे केस कानावर ओढले, हात हनुवटीखाली ठेवला.

"हे असं कोण बसतं?"

"कलेत बसतात."

"मान अवघडली माझी कलेत."

"हलू नकोस."

या खेपेला सुरकुत्या त्याने ठेवल्या. अगदी सगळ्या नाही, पण बऱ्याच. फोटो बाईंसमोर गेला तेव्हा त्याला वाटलं होतं की निदान चार शब्द बरे येतील.

"आता एक कान झाकलात," बाई म्हणाल्या. "मी इथे कान मोजायला बसत नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात."

"मी म्हटलं, तो फोटो अर्जाचा आहे. तुम्ही अर्ज तिरका करून आणलात. कोण आहे ही?"

"बायको."

"किती वर्षं झाली लग्नाला?"

"अठ्ठावीस."

"ही बघतेय कोणाकडे?"

"कॅमेऱ्याकडे."

"नाही. ही खिडकीपलीकडच्या कारकुनाकडे बघतेय. कागदपत्रं पुरी आहेत का, विचारतोय तो तिला. अठ्ठावीस वर्षांची बायको, आणि तुमच्याकडे एकदाही बघितलेलं नाही तिने या फोटोत. तुमच्या स्टुलावर बसलेलं कोणीच तुमच्याकडे बघत नाही. तुम्ही बघू देत नाही."

'नाही.' औषधवाला खोकल्याच्या निमित्ताने खिडकीकडे गेला.

त्या दिवशी फोटोवाला रस्त्यात तीनदा स्वतःशी मोठ्याने बोलला. घरी आल्या आल्या त्याने विचारलं, "त्या फोटोच्या वेळी तू बघत कुठे होतीस?"

बायको सुईत दोरा ओवत होती. "तुमच्या मागे भिंतीला खिळा आहे ना, त्याच्याकडे. हलू नकोस म्हणालात. मग खिळा बरा पडतो."

हे त्याने वहीत लिहिलं नाही. ते लक्षात राहण्यासारखंच होतं.

एक संधी उरली होती आणि वर्ष संपायला सात आठवडे. मेहुणा आता दर आठवड्याला दुकानात डोकावू लागला होता. एका दुपारी फोटोवाला एकट्याने उजेड जमवत बसला होता. उजवा दिवा बंद, डावा भिंतीकडे थोडा वळवलेला, समोर रिकामं स्टूल. कॅमेरा गळ्यात. तेवढ्यात मेहुणा आला. हातात मोजपट्टी.

"तुमचं चालू द्या, भावोजी. मला फक्त मापं घ्यायचीयत. सुताराला आजच द्यायची आहेत."

"अजून सही झालेली नाही."

"होईल हो. सुतार नंतर मिळत नाही." त्याने पडदा बाजूला सारला, स्टूल पायाने ढकललं, पट्टीचा डबा एका हातात धरून टोक ओढलं. "जरा हे टोक धरता का त्या कोपऱ्यात?"

फोटोवाल्याने टोक धरलं नाही. तो जागचा हललाही नाही.

"ऐकू येतंय ना? की कानही काढले गिऱ्हाइकांबरोबर?" म्हणत मेहुणा वळला. अर्धा चेहरा अंधारात, अर्धा उजेडात, हातात ताणलेली पट्टी. या वेळी फोटोवाल्याने सरळ बघा म्हटलं नाही, हनुवटी खाली म्हटलं नाही. बटण दाबलं.

"माझा कशाला काढताय?"

"उजेड बघत होतो."

"बघून घ्या. पुढच्या महिन्यात इथे ट्यूब लागणार आहेत."

तो गेल्यावर फोटोवाल्याने फोटो संगणकावर घेतला, रंग काढून टाकले आणि सवयीने साफ करायला बसला. नाकाशेजारची चामखीळ गेली. वरच्या ओठावरचा घाम गेला. डोळ्यांखालच्या पिशव्या सपाट झाल्या, अंधारातला गाल थोडा उजळला. पाव तासात मेहुणा बँकेत कर्ज मागायला जाण्याइतका सज्जन दिसू लागला. फोटोवाला मागे टेकला आणि बघत राहिला. दुपारी दुकानात उभा होता तो हा माणूस नव्हता.

ती प्रत तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीत त्याने सगळं एकेक करून परत आणलं. चामखीळ, घाम, पिशव्या. शेवटी डोळे उघडे पडले. मेहुणा सरळ त्याच्याकडे बघत होता. जागेत अडचण करणाऱ्या, उचलून बाहेर ठेवायच्या कपाटाकडे बघावं तसा. एकतीस वर्षांत इतक्या थेटपणे त्या दुकानात त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. त्याला संताप आला आणि आनंद झाला. दोन्ही एकाच वेळी झालं, याची त्याला लाज वाटली नाही.

तिसऱ्या खेपेला बाईंनी फोटो हातात घेतला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. दंतवैद्याने काहीतरी कुजबुजायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"हा तुम्हाला ओळखतो," बाई म्हणाल्या. "आणि त्याला तुम्ही अजिबात आवडत नाही."

"मेहुणा आहे."

हशा झाला. या वेळी तो त्याच्यावर नव्हता.

"खांद्यामागे कॅलेंडर आलंय, ते तुम्हाला दिसलं नाही. पट्टीचं टोक कापलं गेलंय. तयारी निम्मी तुमची, बाकी नशिबाची. नशीब पुन्हा येत नाही, तेव्हा शेफारू नका." त्यांनी फोटो उलटा केला आणि 'हो' लिहिलं. "संमतीपत्र गुरुवारपर्यंत. फोटोतल्या माणसाने फोटो बघून सही करायची. सही नाही, तर फोटो नाही. वर्तमानपत्रात मी मंत्र्यांचंही ऐकलं नाही, इथे तुमचं ऐकणार नाही."

संमतीपत्र घेऊन तो मेहुण्याच्या दुकानात गेला. चारही भिंतींवर कव्हरं लटकत होती. मेहुण्याने फोटो काउंटरवर ठेवला, मग उचलून उजेडात धरला.

"असा दिसतो मी?"

"त्या वेळी दिसत होतात."

"चामखीळ तशीच ठेवलीत. सगळ्या शहराच्या चामखिळी फुकट काढता, माझीच तेवढी नडली?" त्याने फोटो पालथा टाकला. "साफ करून आणा. चांगला दिसेल असा. मग हवी तिथे सही करतो. प्रदर्शन आहे म्हणता ना? मोठी माणसं येतात?"

"येतात."

"मग नीट करा."

साफ केलेला फोटो संगणकात होताच. फोटोवाल्याने तो छापला आणि दुसऱ्या दिवशी नेला. मेहुणा खूश झाला. नोकराला दाखवला, स्वतःच्या फोनमध्ये त्याचा फोटो काढून घेतला आणि संमतीपत्रावर झोकात सही ठोकली. त्या कागदावर मेहुण्याचं नाव होतं, फोटोवाल्याचं नाव होतं, तारीख होती. कोणता फोटो, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

साफ केलेला बाईंकडे नेला असता, तर त्यांनी तो टोपलीत टाकला असता, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. गुरुवारी त्याने पेन्सिलीचा 'हो' असलेला फोटो आणि सही केलेला कागद, दोन्ही एकत्र दिलं.

"हा फोटो बघितलाय त्याने?" बाईंनी विचारलं.

"बघितलाय."

हे खोटं नव्हतं.

प्रदर्शन रविवारी अकराला उघडलं. वाचनालयाच्या तळमजल्यावर आठ फोटो. बायको वेळेवर आली आणि थेट त्याच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. भावाचा चेहरा ती किती वेळ बघत होती, ते फोटोवाल्याने घड्याळात बघितलं नाही. पण लोक तिच्या बाजूने वळसा घालून पुढे जात होते.

पावणेबाराला मेहुणा आला. इस्त्रीचा सदरा, सोबत वहिनी आणि बाजारातले दोन मित्र. "कुठे आहे आमचा फोटो?" तो दारातूनच म्हणाला. मित्रांना फोटो त्याच्या आधी सापडला. एकाने फोटोकडे बघितलं, मग मेहुण्याकडे, आणि त्याला हसू दाबता आलं नाही. "अगदी तूच रे. उधारी मागायला गेलं की असाच बघतोस."

मेहुण्याचे कान लाल झाले. "हा तो नाही! मी सही केली तो वेगळा होता. उतरवा हा."

बाई काठी टेकत आल्या. "सही तुमची आहे."

"दुसऱ्या फोटोवर! हे बघा." त्याने फोन काढून दाखवला. बाईंनी फोनमधला सज्जन माणूस बघितला, भिंतीवरचा बघितला आणि फोटोवाल्याकडे वळल्या.

"खरं आहे?"

"हो."

"हा दाखवला तेव्हा तो काय म्हणाला होता?"

"नको म्हणाला होता."

बाईंनी काठी औषधवाल्याच्या हातात दिली आणि फ्रेम दोन्ही हातांनी स्वतः उतरवली. "पुढच्या वर्षी मंडळात येऊ नका."

"पण बाई, फोटो..."

"फोटोबद्दल मी त्या दिवशी बोलले. एक शब्द मागे घेत नाही. आता तुमच्याबद्दल बोलतेय." फ्रेम त्याच्या हातात देऊन त्या निघून गेल्या.

मेहुणा बहिणीकडे वळला. "बघितलंस? असल्या माणसाबरोबर संसार करतेस. उद्या सकाळी कागद घेऊन येतो. आता तरी सही कर."

"सही होणार नाही, दादा."

"का?"

"यांचा फोटो भिंतीवर लागला तर सही द्यायची नाही, असं मी यांना बोलले होते."

"अगं, उतरवला की! तुझ्या डोळ्यांदेखत!"

"उतरवायला आधी लागावा लागतो. पाऊण तास होता. मी बघितला."

मेहुण्याने तिच्याकडे बघितलं. तिने त्या नजरेला नजर दिली. "हेच," ती म्हणाली. "वाटण्यांच्या दिवशी मीही हेच बघितलं होतं. मला वाटायचं, माझ्याच मनात काळंबेरं आहे."

वहिनीने नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर नेलं.

फोटोवाला आणि बायको पायऱ्या उतरले. फ्रेम त्याच्या काखेत.

"दुकान वाचवलंस," तो म्हणाला.

"वाचवलं-बिचवलं काही नाही. शब्द दिला होता, पाळला. तुम्ही त्याला फसवलंत."

"दुसरा मार्ग नव्हता."

"होता. हरायचा होता." ती थांबली नाही. "माझा सख्खा भाऊ आहे तो. आता दारात येणार नाही. आणि दुकानात गिऱ्हाईक आहे का तुमच्या?"

"नाही."

"फोटो शिकवणारी होती, तीही घालवलीत. उद्या माझं मशीन तिथे आणणार आहे मी. दारापासून निम्मं माझं. मागचं निम्मं तुमचं. गिऱ्हाईक आलं तर माझ्या कापडांवरून पाय ठेवून जायचं नाही, हे त्याला सांगायचं."

"आणि हा फोटो? काचेत लावू?"

"नको म्हणाला ना तो? एकदा ऐकू आलं नाही तुम्हाला?"

ती रस्ता ओलांडून गेली. फ्रेम जड होती. त्याने ती दुसऱ्या काखेत घेतली, तोवर सिग्नलला थांबलेल्या गाड्या सुटल्या होत्या, आणि त्याला रस्त्याच्या अलीकडेच उभं राहावं लागलं.